बोलून दाखव

"आजपासून फासा नाही," थोरला म्हणाला. "राजाला पटवायचंय ना? मग बोलून पटवा."

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाभोवती चौघं जमायची. थोरला, त्याची बायको, धाकटा भाऊ आणि वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. खेळ गोष्टीचा होता. एकेकाने एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतंय ते सांगायचं, आणि जमलं की फसलं हे फाशाने ठरवायचं. गोष्ट चालवणारा थोरला. एरवी तो इमारतींचे नकाशे काढायचा, आणि कागदावरची खिडकी जराशी सरकली तरी त्याचं जेवणात लक्ष लागत नसे. हल्ली त्याला खेळही तसाच खराखुरा हवा होता. पाठीवर ओझं किती, बूट किती झिजले, सगळ्याला नियम. हा नवा नियम त्याने आठवड्याच्या सुरुवातीलाच मेसेज करून सगळ्यांना कळवला होता.

"अहो, सोपं होतं तेच बरं होतं," डॉक्टर म्हणाले. "फासा टाकला, काम झालं. मी खेळात कुलपं फोडतो. उद्या माझ्यापुढे खरं कुलूप आणून ठेवाल!"

"कुलपाचं वेगळं, डॉक्टर. बोलायला काय लागतं? तोंड तर प्रत्येकाला आहे."

बायकोने डोळे वटारले. त्याला वाटलं, चहाचं काहीतरी असेल.

गोष्टीत आज दरबार भरला होता. शत्रूला नदीपार नेलं म्हणून राजाने नावाडी धरले होते. संध्याकाळपर्यंत त्यांची मुंडकी उडणार होती. त्यांची बाजू मांडायला दूत जाणार होता, आणि दूत म्हणजे धाकटा. आजवर धाकटा नुसता फासा टाकायचा. मग थोरला रंगवून सांगायचा, की दूत असा काही बोलला, सगळा दरबार चिडीचूप झाला.

धाकटा खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"म..." तो म्हणाला. "म... म..."

तेव्हा कुठे थोरल्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

एका खोलीत वाढलेला भाऊ. त्याच्या वतीने फोन उचलणारा, दुकानात त्याच्यासाठी मागून घेणारा थोरलाच. आणि एवढे नियम लिहिताना धाकटा एकदाही मनात आला नव्हता. 'राहू दे, टाक फासा' हे ओठांवर आलं. पण आता ते म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. डॉक्टर फाशावरचे ठिपके असे न्याहाळत होते, जणू आजच पहिल्यांदा पाहतायत.

"महाराज," धाकट्याने शब्द एकदाचा बाहेर काढला. "हे न... ना... ना..."

"नावाडी," थोरल्याच्या तोंडून निसटलं.

धाकटा थांबला. त्याने नकारार्थी मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"म... महाराज. हे ना... नावाडी. होडीत बसणारा कुणाच्या ब... बाजूचा, ते विचारत नाहीत. तो बुडू नये, एवढंच ब... बघतात. उद्या पळायची वेळ त... तुमच्यावर आली, तर तुम्हालाही हेच नेतील."

"वा!" डॉक्टर भान विसरून ओरडले.

"सोडले," थोरला म्हणाला. राजाचा आवाज काही लागला नाही. "सगळ्यांना सोडलं."

"प... पटलं म्हणून?"

"पटलं म्हणून." हे खरं होतं. निदान एवढं तरी खरं होतं.

खेळ आटोपल्यावर थोरला कप विसळायला स्वयंपाकघरात गेला. तिथे कुणी नव्हतं म्हणून गेला. धाकटा मागोमाग आला आणि फडकं घेऊन शेजारी उभा राहिला. तो चष्म्याच्या काचा घासण्याचं काम करायचा. मशीनच्या घरघरीत त्याने आठवडाभर हेच भाषण घोकलं होतं, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने.

"तुझा म... मेसेज वाचला तेव्हा खूप राग आला, दादा. म्हटलं, येणारच नाही." त्याने कप पुसून खाली ठेवला. "मग रात्री व... वहिनीला फोन केला. ती म्हणाली, विचार त्यालाच. पण व... विचारायचं काय? माझ्यासाठीच केलास ना हा नियम? मला ब... बोलतं करायला?"

वहिनी दारात उभी होती. ती नवऱ्याकडे पाहत होती.

"हं," थोरला म्हणाला, आणि हातातला धुतलेलाच कप त्याने पुन्हा नळाखाली धरला.