अळूच्या वाफ्यातली नाणी

‘तिथे नको, इथे खण,’ लुसी म्हणाली आणि तिने अळूच्या वाफ्याकडे बोट दाखवलं.

ऑस्वल्डने कानांवरचा हेडफोन खाली घेतला. आपण नीट ऐकलं का, याची त्याला खात्री वाटेना. दोह्याच्या अल मुंतझा भागातल्या या जुन्या घराच्या अंगणात दोन वर्षं तो दर शुक्रवारी मेटल डिटेक्टर फिरवत होता. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज इंजिनिअरने जाता जाता ते यंत्र त्याला दिलेलं. बाटल्यांची बुचं निघाली, खिळे निघाले, आणि एकदा तांब्याचं एक नाणं निघालं, या मुलखात भारतीय रुपया चालायचा त्या काळातलं. तेवढ्यावर तो वेडा झाला होता. पण अळूच्या वाफ्याला हात लावायची त्याला बंदी होती.

इथली माती खारी. लुसीने ती गोड केली होती. मासळी धुतलेलं पाणी घालून, भाजीचे देठ कुजवून, वर्षामागून वर्षं. वसईहून आणलेल्या कंदांची पानं आता कमरेएवढी झाली होती.

‘आणि अळूचं काय?’ त्याने विचारलं.

‘कुणासाठी राखू? जहूरच्या बुलडोझरसाठी?’

घरमालकाचा माणूस जहूर सोमवारी येऊन सांगून गेला होता. डिसेंबरअखेर घर खाली करा, इथे आठ मजली इमारत येणार. जूनमध्ये याच जहूरने याच पायरीवर बसून, लुसीच्या हातचा चहा पीत, ॲलिसनची दहावीची परीक्षा होईपर्यंत राहा, असा शब्द दिला होता. आता विचारलं तर म्हणाला, कागदावर कुठे आहे? ते २००५ साल होतं, दोह्यात भाडी रोज चढत होती. ऑस्वल्डच्या पगारात दुसरं घर मिळणं कठीण. नाहीच मिळालं तर मायलेकींनी वसईला परत जायचं आणि ॲलिसनचं वर्ष बुडायचं.

सोमवारपासून लुसी धुमसत होती. तिचं म्हणणं एकच, आम्ही भाडेकरू आहोत, चोर नाही, दिलेला शब्द पाळा. मालकाच्या ऑफिसातही ती जाऊन आली. तिथे तिला बाहेरच्या खुर्चीवर बसवून ठेवलं आणि ऑफिस बंद व्हायच्या वेळी उठवलं. त्या खुर्चीचा राग तिच्या अंगातून अजून उतरला नव्हता.

ऑस्वल्डने वाफ्यावरून यंत्र फिरवलं. ते किंचाळलंच. वीतभर खाली तीन नाणी होती. चांदीची, काळवंडलेली, एका बाजूला क्रूस.

ॲलिसनने एक नाणं आत नेलं, कॉम्प्युटरवर शोधाशोध केली आणि धावत बाहेर आली. ‘पप्पा, धिस इज पोर्तुगीज. चारशे वर्षं जुनं असेल. ओन्ली, कुणीतरी होल्स पाडलेत.’

लुसीने नाण्यांकडे पाहिलंही नाही. आत जाऊन तिने जहूरला फोन लावला.

जहूर आला तेव्हा ती दारातच उभी होती. या वेळी तिने चहा विचारला नाही. नाणी त्याच्या नाकासमोर धरून तिने हिंदीत त्याची हजेरी घेतली. जमिनीत जुनं काही निघालं की सरकार बांधकाम थांबवतं, वर्ष वर्ष थांबवतं, हे तुझ्या मालकाला ठाऊक असेलच. बारा वर्षं वेळेवर भाडं दिलं, गळके नळ आम्ही बदलले, छत आम्ही रंगवलं, आणि आम्हाला तू कागद विचारतोस? जहूरने घाम पुसला, फाटकापाशी जाऊन फोनवर मालकाशी अरबीत बोलला आणि परत आला तो मऊ होऊन.

‘भाभी, मार्च तक आराम से रहो. परसों लिख के देता हूँ. बस, ये किसी को दिखाना नहीं. खलास.’

तो गेल्यावर लुसी आठवड्यात पहिल्यांदा हसली. उपटलेल्या पानांच्या तिने वड्या केल्या.

ऑस्वल्डला मात्र वडी गोड लागेना. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सापडलेलं पेनसुद्धा तो ज्याचं त्याला देऊन यायचा. पोर्तुगीज नाणी इथल्या मातीत निघतात आणि ती आपण रुमालात बांधून ठेवायची, स्वतःच्या सोयीसाठी? दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाता जाता तो संग्रहालयाच्या लोकांना नाणी देऊन आला.

रविवारी दारात गाड्या लागल्या. माणसांनी अंगणाला तार घातली. त्यांच्या प्रमुख बाईंनी ऑस्वल्डचे मनापासून आभार मानले. असा शोध इथे कधी लागला नव्हता, म्हणाल्या. मग त्याच नम्रपणे त्यांनी सांगितलं की घराखालची जमीनही तपासावी लागेल, तेव्हा उद्या संध्याकाळपर्यंत घर रिकामं हवं. लुसीने कागद घेऊन आलेल्या जहूरकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. आता मालकाचंही इथे काही चालणार नव्हतं.

आत ॲलिसन रडत रडत पुस्तकं खोक्यात भरत होती.

‘माझ्यावर रागावू नकोस,’ ऑस्वल्ड म्हणाला. ‘दुसऱ्याची वस्तू लपवून घर टिकवणं मला जमलं नसतं. ती नाणी आपली नव्हती, लुसी.’

लुसी तारेपलीकडे बघत होती. माणसं वाफा उकरत होती, माती चाळत होती.

‘कितीही खणू दे त्यांना, चौथं निघायचं नाही,’ ती म्हणाली. ‘आईने दिलेली ती तीनच होती. लग्नाच्या दिवशी माझ्या गळ्यात होती, ऑस्वल्ड. आणि शेजारी तू उभा होतास.’