वानगीचा ऊस

अंगदने सुग्रीवच्या फडात शिरून आधी पाणी साचणारा कोपरा गाठला. तिथला ऊस आडवा लोळलेला, कांड्यांना मुळ्या फुटलेल्या. त्यातलेच चार-पाच ऊस त्याने कोयत्याने तोडले. वर उंदराने कुरतडलेला एक घेतला.

सुग्रीव त्याचा चुलतभाऊ. दोघांचे फड बांधाला बांध लागून. बेणं एक, माजलगावच्या धरणाचं पाणी एक. तरी कारखान्याच्या गव्हाणीत हंगामाची पहिली मोळी पडायची ती दर साली सुग्रीवच्या उसाची. फेटा त्याला, नारळ त्याला, पेपरात फोटो त्याचा. अंगद मागे उभा राहून टाळ्या वाजवायचा आणि घरी येऊन बायकोवर डाफरायचा. त्या फेट्याने त्याची झोप उडवली होती.

यंदा कारखान्याच्या शेतकी साहेबांनी उसाची गोडी मोजून मान द्यायचं ठरवलं. लबाडी नको म्हणून नियम असा, की आपल्या फडातली वानगी आपण आणायची नाही. शेजाऱ्याने आणायची, फडात हिंडून, चारी बाजूंनी. अंगदला हा नियम फार आवडला होता.

साहेबांनी बांधावर बसून दोन्ही वानग्यांचा रस काढला. थेंब काचेवर टाकून गोडी मोजायची नळी डोळ्याला लावली आणि उजेडाकडे धरली.

"सुग्रीवचा फड चौदा. अंगदचा बावीस."

अंगदचा जीव निवला. जिरली एकदाची, असं त्याच्या मनात आलं.

साहेबांनी मात्र काच पुसून पुन्हा पाहिलं. "एकच बेणं, एकच पाणी, आणि एवढा फरक?"

सुग्रीव ओशाळं हसला. "माजी चूक हाय, साहेब. मी चारी बाजूंनी न्हाई आणला. दुपारभर हिंडून त्याच्या फडातला चांगला चांगलाच निवडला. दर साली मोळी माजी जाते. ह्याचा जीव जळतो, ते मला काय दिसत न्हाई?"

अंगदने मान खाली घातली. साहेब त्याने आणलेल्या उसाकडे बघत राहिले, फुटलेल्या मुळ्यांकडे, उंदराच्या दातांच्या खुणांकडे. मग त्यांनी नळी पेटीत ठेवली.

"उद्या मीच येतो, दोन्ही फड फिरून वानगी घेतो," ते म्हणाले. "आज उसाची गोडी मोजलीच गेली नाही. मोजली ती आणणाऱ्यांची."