कडेची खुर्ची

१९६७ सालची गोष्ट. पिट्सबर्गमध्ये शुक्रवार दुपारच्या वाद्यवृंदाच्या मैफलीत मेरिल हॅस्केटची नवी रचना पहिल्यांदाच वाजत होती. प्रघाताप्रमाणे ती मध्यंतराच्या आधी ठेवली होती; नंतर ठेवली असती, तर ऐकायला कोणी उरलं नसतं. रचनाकाराला शेवटी मंचावर जाऊन अभिवादन करायचं असतं, म्हणून कडेची खुर्ची मेरिलची. त्याला लागून त्याची बायको आर्लीन. तिच्या पलीकडे हॅट घातलेल्या अकरा बायका.

रचना अर्ध्यावर आली असताना दारावरच्या माणसाने वाकून मेरिलच्या हाती चिठ्ठी दिली. त्याने ती वाचली आणि आर्लीनकडे सरकवली. इस्पितळातून तिच्या बहिणीचा निरोप होता. बाबांचं काही खरं नाही, लगेच ये.

आर्लीनने पर्स उचलली. मेरिलचे गुडघे हलले नाहीत.

"तू उठलीस की अख्खं सभागृह उठेल," तो कुजबुजला.

"मेरिल, बाबा आहेत रे माझे."

"बाराच मिनिटं राहिलीत. बस ना."

मागून एक बाई शेजारणीला म्हणत होती, "एकीने तरी उठा गं, म्हणजे मलाही सुटता येईल."

आर्लीन बसली.

मंचावर एक वादक लोखंडाच्या लांब पट्टीवर हातोडीचे ठोके देत होता. घरी मेरिलने ते पहिल्यांदा ऐकवले, तेव्हा बाबा खो खो हसले होते. "हे तर मी पोलादाच्या कारखान्यात चाळीस वर्षं फुकट ऐकलं, मेरिल!"

ती ठोके मोजत राहिली. शेवटचा पडला. त्याचा नाद विरेपर्यंत वाद्यवृंदाच्या संचालकाने हात खाली घेतला नाही. सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.

मग टाळ्या. मेरिल उठून मंचाकडे धावला, आर्लीन दाराकडे.

"बघितलंस?" मागची बाई म्हणाली. "बायकोसुद्धा पळाली!"

आर्लीन पोचली, त्याच्या दहा मिनिटं आधी बाबा गेले होते. बहीण पुढे ओहायोला गेली. नाताळची कार्डं तेवढी येत राहिली. ती रचना पुढे नऊ शहरांत वाजली, मेरिलला विद्यापीठात जागा मिळाली. आर्लीनने त्याच्यासोबत आणखी एकतीस वर्षं काढली, त्याची स्वरलेखनं सुवाच्य उतरवून दिली. त्या दुपारचा विषय दोघांनी कधी काढला नाही.

मेरिलच्या अंत्यविधीला पाद्रीबाबांनी तिला पहिल्या रांगेतली मधली जागा दाखवली.

"नको," ती म्हणाली, "मी कडेला बसते."