रविवारचा रुमाल

“पोरी, तोर्तिया डावी नसते नि उजवीही नसते. अंड्याबटाट्याची असते. खा.”

फिलोमेनाने ताटली पुढे सरकवली. नोएलियाने ती तशीच मागे लोटली.

“जुन्या पक्षांच्या हातचं आम्ही खात नाही. आणि खरं सांगू का आजी, तुम्ही दोघं अगदी सारखेच. लोकांसमोर भांडण आणि एका ताटात जेवण!”

“आजी कुणाला म्हणतेस गं?” फिलोमेना उखडली.

“एवढं एक मात्र खरं बोलली,” बेनिग्नो मिशीत हसला.

आमच्या गावचं मतदान शाळेत होतं. मतपेटीच्या एका अंगाला डाव्यांचा प्रतिनिधी म्हणून बेनिग्नो बसतो, दुसऱ्या अंगाला उजव्यांची फिलोमेना. एकाच वर्गात शिकलेली ही दोघं म्हातारी झाली, पण जागा बदलल्या नाहीत. तोर्तिया ती आणते, वाइन तो आणतो. पैजही ठरलेली आहे. ज्याचा पक्ष गावात मागे पडेल त्याने रविवारी भर चौकात दुसऱ्याच्या रंगाचा रुमाल गळ्यात बांधून उभं राहायचं. गेल्या खेपेला बेनिग्नो एका मताने हरला. निळा रुमाल बांधून तो चौकात आला तेव्हा त्याचा स्वतःचा कुत्रा त्याच्यावर भुंकला. गाव ते अजून विसरलेलं नाही आणि तोही नाही. या वेळी काहीही झालं तरी फिलोमेनाच्या गळ्यात तांबडा रुमाल बांधायचाच, असं त्याने दारूच्या गुत्त्यात सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं.

नोएलिया नव्या पक्षाची. डावे नकोत, उजवे नकोत, सगळ्यांना घरी पाठवा, असं त्या पक्षाचं म्हणणं. पोरगी शहरातली; तिचं स्वतःचं मत सकाळीच तिकडे पडलेलं. पण तिची आजी आमच्या गावची, म्हणून हे गाव तिने मागून घेतलं होतं. थंडीभर बसने येऊन तिने एकूण एक दार ठोठावलं. लोकांनी तिला शेकोटीपाशी बसवलं, कॉफी पाजली. मत काही कुणी कबूल केलं नाही.

पडद्यामागे प्रत्येक पक्षाच्या छापील चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो. हवी ती चिठ्ठी उचलायची आणि पाकिटात घालायची. नोएलिया घटकाभराने उठायची आणि गठ्ठे बघून यायची. तांबडा उतरत होता, निळा उतरत होता. तिच्या गठ्ठ्याची कागदी पट्टीसुद्धा कुणी तोडली नव्हती.

दुपारी ती जागेवर दिसेना. शाळेच्या अंगणात, मुलांच्या झोपाळ्यावर बसून ती फोनवर बोलत होती. खिडकी उघडीच होती.

“एकसुद्धा नाही हो बाबा. हसा आता. शून्य घेऊन परत येशील म्हणाला होतात ना?”

एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि बाहीने डोळे पुसले. बेनिग्नोने घसा खाकरला. फिलोमेना ताटली घेऊन बाहेर गेली. या वेळी पोरीने खाल्लं, आणि बोटं चाटून खाल्लं.

मग काय, संध्याकाळपर्यंत तिघं कचाकचा भांडली. पेन्शनवरून, रस्त्यावरून, माद्रिदमधल्या साहेबांवरून. फार वर्षांत असं रंगलं नव्हतं. पोरगी दोघांनाही पुरून उरत होती आणि दोघांनाही ती मनापासून आवडली होती.

आठ वाजता दार बंद झालं. आमच्याकडे टेबलावरची माणसं आणि पक्षांचे प्रतिनिधी सगळ्यांत शेवटी मत टाकतात. कुठल्या घरचं मत कुठे जातं ते गावात सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे दोघांची बोटांवरची मोजणी तंतोतंत जुळली. तांबडे एकेचाळीस, निळे एकेचाळीस. टेबलाचे अध्यक्ष कासिमिरो औषधवाले गिऱ्हाईक तुटू नये म्हणून कायम कोरं पाकीट टाकतात. आता राहिली होती ती दोघांचीच मतं.

“निळा रुमाल पर्समध्ये आहे बरं का,” फिलोमेना म्हणाली.

“तांबडा माझ्या खिशात आहे,” बेनिग्नो म्हणाला आणि पडद्यामागे गेला.

त्याला जरा वेळच लागला. नंतर ती गेली. तिलाही लागला.

कासिमिरोंनी पेटी उघडली आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. तांबड्या एकेचाळीस. निळ्या एकेचाळीस. एक पाकीट कोरं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. नव्या पक्षाच्या दोन.

नोएलिया खुर्चीवरून उडालीच. “दोन! बाबांना सांगते, दोन! गाव जागं झालं!” फोन शोधता शोधता ती वळली. “आणि हे बघितलंत? डावे-उजवे, अगदी सारखेच! सकाळपासून घसा फोडून सांगतेय.”

ती नाचत अंगणात गेली. फिलोमेना बेनिग्नोच्या कानाशी वाकली.

“एका मताने जिंकत होतास की रे. कुठे गेलं ते?”

“तुझं गेलं तिथेच.”