धुतल्या चेहऱ्याने

लग्नाळू मुलींच्या फोटोंतले डाग पुसण्यात बाबांचा हात धरणारा फोटोग्राफर नव्हता. एकुलत्या एका लेकीच्या गालावरचा भाजल्याचा चट्टा मात्र ते कधी पुसत नसत. "तो पुसला, तर माझी चिमणी मला ओळखू कशी येणार?" म्हणायचे.

पाहुणे आले त्या दिवशी आईने "थोडं तरी क्रीम थाप गं" असा धोशा लावला होता. पण चिमणी बाबांच्या जिवावर धुतल्या चेहऱ्यानेच बाहेर आली.

मुलाच्या आत्याने तिला निरखून पाहिलं. मग बाबांनी पाठवलेला फोटो मोबाईलवर काढून पाहिला. बाबा आपल्या कपातल्या चहाकडे बघत राहिले.



"धाकटी गोड आहे हो तुमची," आत्या म्हणाल्या. "आता फोटोतल्या थोरलीला बोलवा."