वाणाचा साबण

उज्वलानं अत्तरदाणी पुढं केली, तसा मनस्विनीनं हात पदराखाली घेतला. "नको गं, साडीला डाग पडतो."

अत्तर हाताच्या पाठीवर लावतात, साडीवर नाही. उज्वला पुढं सरकली. पुढचीला सर्दी होती, वास सोसत नव्हता. तिच्या पलीकडचीनं कानामागं लावून घेतलं. रथसप्तमीचं हळदीकुंकू, कॉलनीतलं या वर्षीचं शेवटचं. दहाजणी झाल्या, एकीनंही हात पालथा करून धरला नाही. उज्वलाला कारण विचारायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या बोटांच्या बेचक्यांत आठ दिवसांपासून आग होत होती.

अकराव्या सौदामिनीबाई. त्यांनी हात बेधडक पुढं केला. मऊ, नितळ, नखापासून मनगटापर्यंत एक पुटकुळी नाही.

"लाव की. लाजतेस काय?"

सौदामिनीबाई म्हणजे प्राचार्यांच्या पत्नी. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी वाण म्हणून घरी केलेला गुलाबाचा साबण लुटला होता. रेशमी दोरी, वर एक सुकी पाकळी, आणि वास असा की जिना चढतानाच कळावं. जमलेल्या सगळ्यांचे नवरे त्याच कॉलेजात. उज्वलाचा आलोक तर तासिकांवर; त्याची ऑर्डर दर जूनला प्राचार्यांच्या सहीनं निघायची. त्यामुळं साबण छानच होता. ग्रुपवर त्याचं कौतुक झालं, मग हात सोलवटले, मग पुन्हा एकदा कौतुक झालं. दोष कुणाला द्यायचा, तेवढंच ठरायचं राहिलं होतं.

भामाबाई चहाचा ट्रे घेऊन आतून आली आणि ती अडचणही सुटली. कामवाल्या भामाबाईचे हात सगळ्यांत वाईट होते. बोटं सुजलेली, सांध्यांवर भेगा.

सौदामिनीबाईंनी कप उचलला नाही. "उज्वला, परवाच सांगितलं होतं ना तुला? खरूज आहे हिला. मी लगेच कामावरून काढून टाकलं. आणि तू हिच्या हातचा चहा फिरवतेस?"

खरूज. खोलीतल्या प्रत्येकीला बरं वाटलं.

"तरीच," सर्दीवाली म्हणाली आणि तिनं पदराखालचा हात बाहेर काढला. "बघा, मलाही." मग बाकीचेही निघाले. लाल, खरबरीत, एकाच साच्यातले दहा हात. भामाबाई कामाला होती दोन घरी, सौदामिनीबाईंकडं आणि इथं. त्या दहाजणींपैकी एकीच्याही उंबऱ्याला तिचा पाय लागलेला नव्हता. हे लक्षात यायला फार शिक्षण लागत नाही. कदाचित म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही.

भामाबाईनं ट्रे खाली ठेवला. "खरूज न्हाई मॅडम. साबण केला की पहिले माझ्याच हातावर लावून बघत होत्या तुम्ही. आग होते का म्हणून इचारलं. मी म्हणले, हौ, लई होते. तुम्ही म्हणल्या, सवय लागंल."

तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरीणबाईनं लिहून देलंय कशामुळं झालं ते. मला वाचता येत न्हाई, तुम्ही समद्या शिकलेल्या हाव. वाचा कुणी बी. या घरचं काम गेलं तर मी कुठं जाऊ?"

कागद मनस्विनीकडं आला, कारण ती रसायनशास्त्र शिकवायची. तिनं तो दोनदा वाचला. सौदामिनीबाई तिच्याकडं बघत होत्या.

"काय लिहिलंय?"

"डॉक्टरांचं अक्षर," मनस्विनी म्हणाली, "लागत नाही हो."

कागद छापील होता. सौदामिनीबाईंनी तो तिच्या हातातून घेतला, चार घड्या केल्या आणि ट्रेमध्ये ठेवला. "मी आता कडुनिंबाचा साबण काढतेय. असल्या रोगांवर एकदम चांगला. कुणाकुणाला हवा?"

दहा हात वर झाले. उज्वलानं क्षणभर जून महिना डोळ्यांपुढं आणला आणि अकरावा हात वर केला. मग ती भामाबाईला दारापर्यंत सोडायला गेली.

"थोडे दिवस येऊ नको. हात बरे झाले की बघू."

"माझे व्हतील ताई. आता मला तो साबण कोण लावतंय?" भामाबाईनं चपला पायात सरकवल्या. "तुमचे बघा."

उज्वला परतली तर सौदामिनीबाई बेसिनपाशी उभ्या होत्या. "तिचा कागद हाताळला ना मी. हात धुतलेले बरे."

बेसिनवर गुलाबाचा साबण होता. मॅडमना दिसावा म्हणून उज्वलानं सकाळीच काचेच्या ताटलीत मांडून ठेवला होता. सौदामिनीबाईंनी ताटली एका बोटानं कडेला सारली आणि नुसत्या पाण्यानं हात धुतले.

"साबण घ्या की मॅडम," उज्वला म्हणाली.

"राहू दे गं," सौदामिनीबाई हात निथळवत म्हणाल्या. "उगाच झिजतो. तुम्हाला पुरू दे."