ऊब अडवणारं

गाडी विकल्यापासून विश्रांतवाडीच्या बंगल्यातलं गॅरेज मंदाकिनीबाईंच्या ताब्यात आलं होतं. तिथे त्या जुनी घड्याळं दुरुस्त करत. जानेवारीत सकाळी बोटं आखडायची, म्हणून त्यांनी हीटर घेतला. पंख्याचा नको, बारीक स्क्रू उडतात. साधा दोन कांड्यांचा आणला.

कांड्या लालबुंद झाल्या, पण टेबलापाशी ऊब येईना. मध्ये तर नुसती मोकळी फरशी होती.

दुकानदाराने हीटर बदलून दिला. तरी तेच.

बाई हट्टाला पेटल्या. हीटर डावीकडे ठेवला, उजवीकडे ठेवला, खुर्ची फिरवून पाहिली. शेवटी हात पुढे धरून तपासलं. हीटरपासून वीतभर झळ लागत होती आणि पुढे एकदम गारठा होता. शेकोटी अडवून कुणी बसलं की मागच्याला लागतो, तसा.

"अगं, परत देऊन टाक तो," दारातून त्यांचे यजमान श्यामसुंदर म्हणाले.

"हीटर चांगला आहे. तुम्ही चहा टाका."

ते आत गेल्यावर बाई खुर्चीत ताठ बसल्या. बसमध्ये दोघांची जागा अडवून बसलेल्याला सुनवावं, त्या आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा सरका. आम्हालाही थंडी वाजते."

ऊब आधी त्यांच्या डाव्या गुडघ्यावर आली, मग उजव्या.

बाईंनी समाधानाने स्क्रू ड्रायव्हर उचलला. तेवढ्यात त्यांच्या उजव्या खांद्याला गारठा अलगद टेकला.